चांगुणाच्या मापाचं जाकीट

रोहिणखेडच्या जुन्या मशिदीकडे चढणाऱ्या बोळात सईद टेलरचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक फळी, एक आरसा आणि दोन शिलाई मशिनी. त्यातली एक चालते आणि दुसरी वडिलांची म्हणून नुसती पुसली जाते. रेडीमेड कपड्यांनी गावोगावच्या टेलरांचं अर्धं काम आधीच नेलं होतं. उरलेलं अर्धं त्या साली गुलाबी अळीनं नेलं. बीटीच्या कपाशीला बोंडअळी लागत नाही, असं सगळे छातीठोकपणे सांगत आले होते, आणि त्या साली फोडावं ते बोंड आतून किडकं. वेचायला गेलेल्या बाया पांढऱ्या कापसाऐवजी पिवळट, चिकटलेली कवडी घेऊन परत येत. घरात कापूसच आला नाही तर दिवाळीला सदरा कोण शिवणार, आणि ईदेला तरी कोण? सईद दिवसभर फळीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावरचे तयार शर्ट निरखायचा आणि त्यांच्या शिलाईला मनातल्या मनात नावं ठेवायचा. त्याला तेवढंच काम उरलं होतं.

मग रस्त्याचं काम निघालं. गावातून मोताळ्याला जाणारा रस्ता रुंद व्हायचा होता. वैजनाथ नावाचा मुकादम बुलढाण्याहून मोटारसायकलवर यायचा. एका दुपारी त्यानं सईदच्या फळीवर एक पोतं आणून टाकलं. आत नारंगी जाकिटं होती, छातीवर आणि पाठीवर रुपेरी रेडियमच्या पट्ट्या लावलेली. उजेड पडला की ती पट्टी लखकन चमकते, ट्रकच्या मागे असते तशी. रस्त्यावर काम करणाऱ्यानं हे घातल्याशिवाय उभंच राहायचं नाही, असा वरून हुकूम होता. पण जाकिटं कुठल्यातरी मोठ्या शहरातून आली होती आणि त्या शहरात रस्त्याच्या कामावर फक्त पहिलवान असावेत. इथल्या बायांना ती गुडघ्यापर्यंत येत. गिट्टीची टोपली उचलताना कड पायात, आणि बाई तोंडावर.

"लहान करून दे टेलर," वैजनाथ म्हणाला. "पण पट्टीले कात्री लावताना जपून. पट्टी दिसली पाह्यजे."

सगळ्यात आधी माप द्यायला आली ती चांगुणा. ती मागच्याच आळीत राहायची. नवरा शेषराव सुरतेला गिरणीत होता, घरी सासू तानुबाई, आणि मोताळ्याच्या रस्त्याला लागून, पहिल्या वळणावर, एक वावर. त्या वावरातली पऱ्हाटी अळीनं खाल्ली आणि दुसऱ्यांच्या वावरातली वेचणीही बसली, म्हणून ती रस्त्याच्या कामावर गेली. तिला झेंडी दिली होती. रस्ता जिथं उकरलेला असेल त्याच्या तोंडाशी उभं राहायचं, लाल झेंडी दाखवून गाडी थांबवायची, समोरची निघून गेली की हिरवी दाखवायची. दिवसभर उभं राहण्याचं काम. पण ती खूश होती, कारण त्यात वाकायचं नव्हतं.

सईदनं तिचं माप घेतलं ते पोलक्याचं घेतो त्याहून मन लावून. लुगड्यावर जाकीट बसवणं म्हणजे खेळ नव्हे. पदर कुठून जातो, थंडीत आत शाल घेतली तर किती सैल हवं, हा सगळा हिशोब धरून त्यानं जुन्या वर्तमानपत्राचा नमुना कापला, त्यावरून जाकीट बेतलं आणि तो कागद खिळ्याला टांगून ठेवला. खांदे उतरतील म्हणून आत थोडा कापूसही भरला.

चांगुणा आरशासमोर उभी राहिली. नवीन लुगडं नेसूनही ती कधी आरशासमोर इतका वेळ राहिली नसेल.

"आता लांबून दिसन काय मी, सईदभाऊ?"

"लांबून? मोताळ्यावून दिसशीन तू."

ती तोंडाला पदर लावून हसली. सईदलाही बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी त्याच्या हातून निघालेला कपडा कुणाच्या अंगावर नीट बसला होता.

जाकिटं लहान केली तसे पट्ट्यांचे तुकडे उरले. ते एका डब्यात पडून होते. एक दिवस कारभारी नावाचा शेतकरी आला. त्याचं वावरही त्याच रस्त्याला, गाव सोडलं की लगेच. अळीनं जे सोडलं होतं ते आता रोही खात होती. ही रोही म्हणजे नीलगाय. कळपानं येते आणि कोवळी बोंडं ओरबाडून, झाडं मोडून जाते. लोकांनी वावराभोवती जुनी लुगडी बांधून पाहिली, रिकाम्या बाटल्या टांगून पाहिल्या. रोही लुगड्यांखालून वाकून आत येत, एखाद्या घरच्या माणसासारख्या.

"थे चमकीचे तुकडे दे ना बे सईद," कारभारी म्हणाला. "बुजगावण्याले लावून पायतो. गाडीचा उजेड पडला की चमकन."

तुकडे देऊन टाकले असते तर गोष्ट तिथंच संपली असती. पण सईद टेलर होता, आणि रिकामा बसलेला टेलर होता. बुजगावण्याच्या काठीला पट्टी गुंडाळलेली त्याला बघवेना. त्यानं जुन्या मंडपाचं नारंगी कापड काढलं आणि चक्क जाकीट शिवलं. कॉलर लावली, खिसा लावला, खांद्यात कापूस भरला. कारभाऱ्यानं ते बुजगावण्याला घातलं आणि डोक्यावर मडकं ठेवून त्याला टोपी घातली. आठवड्यात तो सांगत आला की रोही वावरात फिरकली नाही. ती जाकिटाला भ्याली की बाजूच्या वावरात जास्त बोंडं होती म्हणून तिकडे गेली, हे कुणी विचारलं नाही. बाजूच्या वावरवाला मात्र दुसऱ्या दिवशी सईदच्या फळीवर हजर झाला.

मग रांगच लागली. सईदनं मलकापूरहून रेडियमचं बंडल आणलं. वडिलांची मशीनसुद्धा तेल घालून चालू केली आणि तिच्यावर त्याची बायको नूरजहां पट्ट्या बसवू लागली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वावरावावरात नारंगी जाकिटं उभी राहिली. लोक म्हणत, सईदनं हात लावला की काठीचंसुद्धा माणूस होतं. हे ऐकलं की तो मान खाली घालून कापड कापायचा, पण त्याच्या कानांना ते फार गोड लागायचं. माणसाला त्याच्या कामाची स्तुती किती महाग पडू शकते हे त्याला तेव्हा कुठं माहीत होतं!

नूरजहांचा भाऊ नौशाद मोताळ्याला राहायचा आणि काळीपिवळी जीप चालवायचा. सकाळची पहिली फेरी मोताळ्याहून रोहिणखेडला. फेरी झाली की तो बहिणीकडे चहाला यायचा.

"दूल्हाभाई, तुमच्या बुजगावण्यानं आज मले ब्रेक मारायले लावला," तो एकदा म्हणाला. "मले वाटलं झेंडीवालीच हाये. थांबलो ना राजा मी. मांगचे पॅसेंजर हासून राह्यले."

सईद इतका खूश झाला की त्यानं नौशादसाठी दुसरा चहा करायला लावला. पुढं नौशादला सगळी बुजगावणी पाठ झाली. कुठल्या वावरात टोपीवालं, कुठल्या वावरात एका हाताचं. तो जाताजाता त्यांना सलाम करायचा आणि ब्रेकवरचा पाय मात्र काढून घ्यायचा. सगळेच ड्रायव्हर तसं करू लागले होते. दिवसातून दहादा उगाच कोण थांबणार?

थंडी पडायला लागली तेव्हा चांगुणा दुकानात आली. कामावरून तशीच आली होती, जाकीट अंगावर, चेहरा धुळीनं पांढरा. ती फळीच्या कडेला टेकली.

"सईदभाऊ, एक सांगू काय? राग नका मानू."

"बोल ना."

"पहिले मी नुसती उभी राह्यली तरी गाड्या हळू होत. आता झेंडी हालवून हालवून माहा हात भरून येते, तरी कोणी पायत नाई. काल एक टिप्परवाला पार अंगाजवळ येऊन थांबला. म्हणे, मले वाटलं बुजगावणं हाये."

सईदला हसू आलं. खरं तर तो वाक्याच्या शेवटच्या अर्ध्यावर हसला. पहिलं अर्धं त्याच्या कानात शिरलंच नव्हतं.

"हासू नका भाऊ. मले भेव वाटते. तुमी आता थे बनवू नका. नाईतं दुसऱ्या रंगाचे बनवा."

"दुसऱ्या रंगाले रोही भीत नाई म्हणतात लोकं." ही थाप गावात त्यानंच सोडली होती, पण आता ती लोकांच्या नावावर खपत होती.

"मंग माहं तरी दुसऱ्या रंगाचं करा."

"थे वैजनाथभाऊ चालू देईन काय? त्यायचा नियम हाये, नारंगी म्हणजे नारंगी." त्यानं कात्री खाली ठेवली. तिचा चेहरा त्याला आता नीट दिसला आणि त्याचं हसू मावळलं. "एवढा हंगाम जाऊ दे चांगुणा. वेचणी झाली की सगळी बुजगावणी निंघतीन. मंग तूच राह्यशीन रस्त्यावर चमकत."

ती खिळ्याला टांगलेल्या तयार जाकिटांकडे बघत राहिली. उठून जायला निघाली आणि दारातून परत वळली.

"मंग मले बी एक द्या."

"तुले?"

"सगळ्यायच्या वावरात उभे हायेत. रोही जाईन कुठी? माह्याच वावरात येऊन राह्यली. बुढी रोज माह्या मांगं लागते, तू एवढी रस्त्यावर जातं, सईदभाऊकडून एक जाकीट आणणं होत नाई काय म्हणते."

इथं सईदनं नाही म्हणायला हवं होतं. मला मध्ये पडायचा अधिकार असता तर मीच त्याच्यासमोरची कात्री उचलून नेली असती. पण ती आपल्या तोंडानं मागत होती, आणि तिचं खरंही होतं. सगळ्यांच्या वावरातून हाकललेली रोही तिच्या दारात नेऊन सोडणारा तोच होता. तो ओशाळला. एवढ्या लोकांना दिलं, हिला तरी कसं नाही म्हणायचं?

"उद्या घेऊन जा," तो म्हणाला. "तुले भेट माह्याकडून."

दुसऱ्यांची जाकिटं तो अंदाजानं कापायचा. चांगुणाचा कागद मात्र खिळ्यावर होताच. हाताशी आला म्हणून त्यानं तोच नमुना कापडावर ठेवला. भेट द्यायची म्हणून त्यानं पाठीला एक पट्टी जास्त लावली. तानुबाईनं ते काठीवर चढवलं, खाली सुनेचं जुनं हिरवं लुगडं गुंडाळलं आणि मडक्यावर तिचाच एक फाटका पदर बांधला. वळणावर, रस्त्यापासून चार पावलांवर ते बुजगावणं उभं राहिलं. पहिल्या दिवशी कामावरून येणाऱ्या बायांनी चांगुणाला चिडवलं की तू इथं, मग तिथं कोण उभं आहे? चांगुणाही हसली. तिच्या वावरात रोही यायची थांबली.

नौशादनंही वळणावरचं ते बुजगावणं पाहिलं. सकाळी चहा पिताना म्हणाला, "मोडीवर नवीन बाई आली वाटते दूल्हाभाई. आज तिले पहिला सलाम."

रस्त्याचं काम गावाकडून मोताळ्याकडे सरकत होतं. एक पट्टा उकरायचा, मुरूम टाकायचा, गिट्टी, मग डांबर, मग पुढचा पट्टा. झेंडीवालीही त्याच्याबरोबर पुढं सरकायची. मोताळ्याकडून येणाऱ्या गाड्या थांबवायला चांगुणा होती. कारभाऱ्याच्या वावरापाशी काम आलं तेव्हा ती सईदला म्हणाली, आता आपल्याच वावरापाशी येणार, मग झेंडी दाखवतादाखवता बुढीवर लक्षही राहील. तिला त्याचा आनंद झाला होता.

त्या संध्याकाळी नौशाद शेवटची फेरी करून मोताळ्याला गेला तेव्हा उकरलेल्या रस्त्याचं तोंड कारभाऱ्याच्या वावरापाशी होतं. तो गेल्यावर खोदाईच्या मशीननं वळणापर्यंतचा पट्टा उकरून ठेवला, म्हणजे झेंडीची जागा आता वळणावर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी इतकी धुई पडली होती की सईदला फळीवरून समोरची मशीदसुद्धा दिसत नव्हती. त्यानं दिवा लावून मशीनवर बसायची तयारी केली. सुईत दोरा ओवत होता तेवढ्यात बोळातून कुणीतरी पळत गेलं, मग आणखी कुणी. मग नूरजहां आतून आली. तिच्या हातातला मोबाइल कानाला तसाच होता.

"नौशादच्या गाडीखाली कोणी आलं," ती म्हणाली. "मोडीवर."

सईदनं कोण हे विचारलं नाही. पायात वहाणा न घालता तो बोळ उतरला.

वळणावर जीप नालीत तिरकी झाली होती. माणसं गोळा झाली होती. त्यांच्या मधून वैजनाथ फोनवर ॲम्ब्युलन्सला मोठ्यानं पत्ता सांगत होता. पण ॲम्ब्युलन्सची घाई आता उरली नव्हती. चांगुणावर तिचीच शाल टाकली होती. शालीबाहेर जाकिटाची कड दिसत होती आणि तिच्यावरची पट्टी जीपच्या जळत्या दिव्यात लखलख करत होती. तानुबाई तिच्या उशाशी बसली होती, डोक्यावरचा पदर घसरलेला. त्यांच्या मागे, चार पावलांवर, धुईत दुसरी चांगुणा उभी होती. तेच जाकीट, तेच खांदे.

नौशाद रस्त्याच्या कडेला गिट्टीच्या ढिगावर बसला होता. तो पळून गेला नव्हता. सईद जवळ जाताच त्यानं वर पाहिलं.

"दूल्हाभाई, मले वाटलं थे बुजगावणं हाये. रोज तिथंच राह्यते ना. थंडी होती, तिनं हात काखेत घातले होते. हाललीच नाई. मी सलाम केला हो तिले."

एवढं बोलून तो ढसाढसा रडायला लागला. सईदला त्याच्या पाठीवर हात ठेवता आला नाही. कुणी कुणाला मारलं हे त्याला एकट्याला माहीत होतं.

पोलिसांनी नौशादला नेलं. सुरतेहून शेषराव आला, दिवस करून परत गेला. गाव हळहळलं, धुईला बोल लावून मोकळं झालं. सईदनं दुकान उघडलं नाही. नूरजहां दिवसभर भावासाठी रडायची आणि मध्येच चांगुणासाठी, आणि सईदला कुठल्याच रडण्यात भाग घेता यायचा नाही. शेवटी एका सकाळी तो उठला आणि कारभाऱ्याकडे गेला. म्हणाला, ते जाकीट मला परत दे.

"काऊन बे?" कारभारी म्हणाला. "वेचणी राह्यली हाये अजून. अळीनं एवढंच सोडलं, थे बी रोहीले घालू काय?"

"थे पाहून माणूस मेलं कारभारी."

"माणूस धुईनं मेलं. तू काऊन आपल्या अंगावर घेतं?"

कारभाऱ्यानं हे त्याच्या भल्यासाठीच म्हटलं. पुढच्या वावरातही तेच ऐकायला मिळालं, त्याच्या पुढच्यातही. कुणी भांडलं नाही, कुणी त्याला दोष दिला नाही, आणि जाकीट कुणी काढलं नाही. असाच चालत तो वळणावर पोचला.

तानुबाई एकटी वेचत होती. किडक्या बोंडातलं चांगलं तेवढं नखानं काढून ओटीत टाकत होती. घरात माणूस गेलं म्हणून कपाशी थांबत नाही. सईद वावराच्या कडेला धुऱ्यावर उभा राहिला. बुजगावण्याकडे बघायचं नाही असं ठरवूनही त्याचे डोळे तिकडेच जात होते.

"मावशी, थे जाकीट काढून नेऊ काय मी?"

"काऊन?"

रस्ताभर त्यानं शब्द जुळवत आणले होते. त्यातला एकही आठवेना. "नौशादले चांगुणा म्हणजे हे बुजगावणं वाटलं, मावशी. हे मी शिवलं. तिच्याच मापानं शिवलं. तिनं मले सांगतलं होतं, बनवू नका म्हणून. मी आयकलं नाई." बोलताबोलता तो मटकन खाली बसला आणि इतके दिवस दाटलेलं त्याच्या डोळ्यांतून वाहू लागलं.

तानुबाईनं ओटी सोडली नाही.

"मले मालूम हाये," ती म्हणाली. "मी काय आंधळी हाव? घातलं तवाच मले थे तिच्यावानी दिसलं. मले लय बरं वाटलं होतं. आन मांगं लागणारी मीच होती ना. जाकीट आण, जाकीट आण." तिनं एक बोंड तोडलं, आत पाहिलं आणि फेकून दिलं. "राहू द्या थे. रोही येते."

"मावशी..."

"राहू द्या म्हणतो ना. सकाळी घरून येतो तं दुरून दिसते. वाटते, उभी हाये."

वारा सुटला तसं जाकीट हललं. तानुबाई उठून त्याच्यापाशी गेली, तिनं त्याचा खांदा चाचपला.

"इथं उसवलं हाये पाहा. वाऱ्यानं कापूस निंघून राह्यला. सुई हाये काय जवळ?"

सुई त्याच्या कॉलरला नेहमीच टोचलेली असायची. तो उठला. बुजगावण्याला पाठमोरं धरून त्यानं खांद्यातला कापूस आत दाबला आणि टाके घालू लागला. जन्मात त्यानं इतकी वाकडी शिलाई केली नव्हती. मागं रस्ता आता काळा आणि गुळगुळीत झाला होता. काम वळणाच्या पुढं गेलं होतं.

गावाकडून एक काळीपिवळी भरधाव आली. वळणाशी येताच ड्रायव्हरनं करकचून वेग कमी केला. आता सगळेच तिथं हळू होत; चांगुणा गेल्यापासून त्या जागेचा सगळ्यांनी धसका घेतला होता. जीप बुजगावण्यासमोरून अगदी चालीनं गेली. ड्रायव्हरनं खिडकीतून नारंगी जाकिटाकडे पाहिलं आणि एक हात छातीशी नेला.

वळण ओलांडल्यावर त्यानं पुन्हा वेग धरला. पुढं, जिथं रस्ता उकरलेला होता, तिथं नवी बाई लाल झेंडी धरून उभी होती. तिच्या अंगावर सईदनंच लहान केलेलं जाकीट होतं. ती दोन्ही हात हलवत होती, आणि जीप अजून हळू होत नव्हती.